सत्ताविसावा फोन

माझ्या भावाला सगळं राज्य दादा म्हणतं. म्हणोत बापडे. पण त्या शब्दावर जिचा जन्मानेच हक्क, तिने मात्र सकाळी साडेनऊपासून संध्याकाळी सातपर्यंत त्याला साहेब म्हणायचं, अहो-जाहो करायचं, आणि त्याने भरल्या ऑफिसात "चिमणे" म्हणून हाक मारली की ऐकूच न आल्यासारखं करायचं. हा नियम मीच केला आणि एकतीस वर्षं मी एकटीनेच पाळला. अठ्ठावन्न वर्षांच्या, चष्मेवाल्या, गुडघे कुरकुरणाऱ्या बाईला चारचौघांत चिमणी म्हटलं की कसं दिसतं, हे त्याला आजतागायत कळलेलं नाही.

त्याची कारकीर्द सांगणारी एक गुळगुळीत पुस्तिका पक्षाने छापली आहे. तिच्यात लिहिलंय की दादांनी विद्यार्थिदशेतच स्वतःला समाजकार्याला वाहून घेतलं. साफ खोटं. विद्यार्थिदशेत तो हार्डवेअरच्या दुकानात खिळे तोलत होता. त्या दुकानाचा मालक हा त्याचा खरा गुरू, आणि पुस्तिकेत त्या बिचाऱ्याचा फोटोसुद्धा नाही. मालकाने पहिल्याच दिवशी त्याला बजावलं होतं, "गिऱ्हाइकाला नाही म्हणायचं नाही. माल संपला असेल तर 'येतोय' म्हणायचं. माल कधीच नव्हता, तरी 'येतोय' म्हणायचं." दादा तिथे सहा वर्षं टिकला. तो बाहेर पडला तेव्हा निम्मं गाव कुठल्या ना कुठल्या बिजागरीची वाट बघत होतं आणि तरीही त्याच्यावर खूश होतं. तेवढ्यावर तो नगरपालिकेला उभा राहिला आणि निवडून आला.

पुढचं पुस्तिकेत बरोबर आहे. दोनदा नगरसेवक, पाचदा आमदार, तीनदा मंत्री. पहिल्या खात्यात पाणी होतं, दुसऱ्यात रस्ते होते, तिसऱ्यात काय होतं ते त्यालाही शेवटपर्यंत नीट उमगलं नाही. या सगळ्या काळात त्याने एकाही माणसाला, एकदाही, नाही म्हटलं नाही. विरोधकांनाही नाही, पत्रकारांनाही नाही, विमा विकायला येणाऱ्यांनाही नाही. त्याच्याकडे तीन विमे जास्तीचे आहेत.

आता राज्य म्हणजे काही हार्डवेअरचं दुकान नव्हे. शाळेत जागा एक आणि मुलं नऊ, तर आठ जणांना कुणीतरी नाही म्हणावंच लागतं. मांजराच्या गळ्यात घंटा कुणी बांधायची, एवढाच प्रश्न असतो. दादाने ती माझ्या गळ्यात बांधली.

मी तेव्हा टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ऑपरेटर होते. "लाइन व्यस्त आहे, कृपया थोड्या वेळाने प्रयत्न करा" हे मी दिवसाला दोनशेदा म्हणायचे आणि लोक मलाच धन्यवाद द्यायचे. दादा एकदा मला घ्यायला आला, पाच मिनिटं काउंटरशी उभा राहून ऐकत राहिला आणि घरी जाताना म्हणाला, "चिमणे, तू माझ्याकडे ये. तुझ्या तोंडून वाईट बातमीसुद्धा बरी लागते." मी ते कौतुक समजले. तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते आणि मला अक्कल कमी होती.

आमची पद्धत अशी बसली. माणूस आत जायचा. दादा उठून त्याच्या खांद्यावर हात ठेवायचा, बायकोच्या तब्येतीची चौकशी करायचा, अर्ज वाचायचा आणि म्हणायचा, "झालंच समजा. कागद फक्त बाहेर ताईंकडे द्या." तो कागद माझ्या टेबलावर उघडा आला तर काम करायचं. मधोमध घडी घालून आला तर मी त्या माणसाला नाही म्हणायचं. घडी त्याची, तोंड माझं. माझं वाक्यही ठरलेलं होतं: "साहेबांच्या मनात तुम्ही आहातच, पण या वेळी परिस्थिती जरा अशी आहे की..." आणि पुढे कारण. कारण दर वेळी नवं लागायचं, कारण माणसं बाहेर जाऊन आपापली कारणं ताडून बघतात.

माणसं बाहेर जाऊन आणखी एक करायची. म्हणायची, "दादा म्हणजे देवमाणूस हो. त्यांनी हो म्हटलं होतं. त्या बहिणीने खोडा घातला." मला समोर सगळे ताई म्हणायचे. माझ्या पाठीमागे माझं नाव नकारघंटा होतं. हे मला आमच्या ह्यांनी सांगितलं, त्यांना न्हाव्याने सांगितलं होतं. आमचे हे नकाशे काढणाऱ्या खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना कुठल्याही गोष्टीचा राग यायला आठवडा लागतो. "नाव तसं वाईट नाही," ते म्हणाले, "निदान घंटा आहे म्हणजे लांबून ऐकू येतं." मी त्या दिवशी त्यांच्याशी बोलले नाही.

या वर्षी पक्षाने दादाला राज्याचा अध्यक्ष केलं. एक माणूस, एक पद, असा पक्षाचा नियम. म्हणजे आमदारकीची जागा मोकळी झाली. अर्ज मागवले. एक्केचाळीस आले. त्यातला एक माझा होता.

मला आमदार व्हायचं होतं. हे लिहायला मला लाज वाटत नाही आणि तेव्हाही वाटली नव्हती. या मतदारसंघातल्या कुठल्या गल्लीत कुठल्या वारी पाणी येतं आणि कुठल्या वारी नुसतीच नळाची शिट्टी वाजते, हे मला पाठ आहे. कुठल्या शाळेचं छप्पर कुठे गळतं, कुठल्या दवाखान्यातली नर्स खरंच येते आणि कुठली नुसती सही करते, हेही. दादा सभेत जे आकडे सांगायचा ते मी त्याला गाडीत पढवलेले असायचे, आणि त्यातले दोन तो हमखास चुकवायचा. पण खरं सांगायचं तर हे सगळं वरवरचं. मला आयुष्यात एकदा तरी माझ्या अधिकारात, माझ्या तोंडाने, कुणाला तरी हो म्हणायचं होतं.

अर्ज मी स्वतः नेऊन दिला. दादाने वाचला, माझ्याकडे बघून हसला आणि म्हणाला, "तुझ्यापेक्षा जास्त कुणाला कळतं इथलं?" अर्ज त्याने घडी न घालता खणात ठेवला. आणि मी, एकतीस वर्षं घड्या वाचत आलेली बाई, खुळ्यासारखी खूश होऊन बाहेर आले.

मंगळवारी सकाळी ड्रायव्हर पाकीट घेऊन आला. दादा राजधानीत बैठकीला गेला होता, रात्री परतणार होता. पाकिटात टाइप केलेले तीन कागद आणि वर दादाची चिठ्ठी: "यादीतल्या चाळीस जणांना आजच गोड बोलून कळवणे."

एक्केचाळिसांतून चाळीस गेले. मी आमच्या ह्यांना फोन लावला.

"किती उरले?" मी विचारलं.

"एक," ते म्हणाले. "ही परीक्षा आहे का?"

"तो एक कोण असेल?"

"यादी वाचलीस का सगळी?"

"मी आधी कधीच वाचत नाही, तुम्हाला माहितेय."

"या वेळी वाच," ते म्हणाले. मी म्हटलं, तुम्हाला माझं कधी काही चांगलं झालेलं बघवतच नाही. आणि फोन ठेवला. पस्तीस वर्षांच्या संसारात हे वाक्य मी फार चुकीच्या दिवशी म्हटलं.

मी यादी आधी वाचत नाही, यालाही कारण आहे. नावं आधी वाचली की आवाजात दया येते, आणि दया आली की समोरचा माणूस अर्धा तास सोडत नाही. एक्स्चेंजची सवय: आधी नंबर, मग माणूस. कागदावर पट्टी ठेवायची, नंबर फिरवायचा, पलीकडे घंटा वाजायला लागली की मगच पट्टी खाली सरकवून नाव बघायचं.

त्या दिवशी मी इतकी गोड बोलले की माझा मलाच हेवा वाटावा. पहिल्या तासात अकरा जणांना कटवलं. एक वकील रागावला, त्याला मी म्हटलं, "तुमच्यासारख्या माणसाला विधानसभेत अडकवून ठेवणं साहेबांना पटेना." तोही विरघळला. बाविसावा नंबर निवृत्त बस कंडक्टरचा निघाला. या गृहस्थांनी नगरपालिकेपासून सगळीकडे मिळून हा आठवा अर्ज केला होता, आणि आधीच्या सातही वेळा मीच त्यांना फोन केला होता. आयुष्यभर लोकांना तिकिटं फाडली, स्वतःला एक मिळालं नाही, असं ते स्वतःच म्हणायचे. माझा आवाज ऐकल्याबरोबर ते म्हणाले, "कळलं ताई, कारण नका सांगू. चहा घेतलात का?" मला जरा वाईट वाटलं. पण तेव्हा मी आमदार झालेली होते, म्हणून मनातल्या मनात त्यांना एका समितीवर घेऊन टाकलं.

सत्तावीस. पट्टीच्या वरचा नंबर बघून मी फिरवला. घंटा वाजली. त्याच वेळी टेबलाखाली माझी पर्स कोकलायला लागली. कामाच्या वेळी आता हे कोण तडफडलं, म्हणून मी चिडून डाव्या हाताने मोबाइल काढला आणि त्यात म्हटलं, "थांबा जरा, मी दुसऱ्या फोनवर आहे."

उजव्या कानात कुणीतरी म्हणालं, "थांबा जरा, मी दुसऱ्या फोनवर आहे."

"काही हरकत नाही," मी ऑफिसच्या फोनमध्ये म्हटलं, "एकच मिनिट घेते. साहेबांच्या मनात तुम्ही आहातच, पण..." आणि डाव्या कानात तेच वाक्य, त्याच गोड आवाजात, माझ्यापर्यंत येऊन पोचलं.

मी पट्टी खाली सरकवली. नंबराखाली माझं नाव होतं. गेल्या वर्षी ऑफिसाने दिलेला नवा नंबर. स्वतःला फोन कोण लावतं, की तो पाठ असावा?

समोरच्या टेबलावर टंकलेखक बसला होता. ती यादी त्यानेच टाइप केली होती. तो टाइप करायचा थांबला होता आणि त्याचे कान लाल झाले होते.

"मला वाटलं, तुम्हाला माहीत असेल, ताई," तो म्हणाला.

"कोण आहे?" मी विचारलं. "एक्केचाळिसावा कोण?"

"दातांचे डॉक्टर."

दातांचा डॉक्टर! ज्या माणसाने उभ्या आयुष्यात लोकांना "आ करा" यापलीकडे काही सांगितलेलं नाही. येताजाता सगळ्यांकडे बघून हसतो, स्वतःच्या दुकानाची जाहिरात केल्यासारखा.

राग आला. पण तिकीट गेल्याचा राग नंतरचा. पहिला राग याचा की मला नाही म्हणायलासुद्धा त्याने मलाच बसवलं. सख्ख्या बहिणीला समोर बसवून एक शब्द बोलायचा, तर तेवढाही त्याच्या जिभेला जड झाला. त्याने विचार केला असणार, यादीत नाव घालू, पोचेल ती तिथपर्यंत, समजून घेईल. माझं काम मी चोख करते, याची त्याला इतकी खात्री होती.

मी पाणी प्यायले. पट्टी पुन्हा पहिल्या कागदावर पहिल्या नंबरावर ठेवली. आणि फोन फिरवला.

"नमस्कार, मघाशी माझी मोठी चूक झाली," मी म्हटलं. "मी यादी उलटी वाचली. तिकीट तुम्हालाच आहे. उद्या सकाळी दहाला साहेबांच्या घरी या. आणि हे बघा, कुणाला सांगू नका."

टंकलेखक उठून उभा राहिला. मी त्याच्याकडे बघितलं, तो बसला.

एकोणचाळीस फोन. कुणी किंचाळलं, कुणी फोन बायकोकडे दिला, वकील म्हणाला की त्याला हे पहिल्यापासून माहीत होतं. मी एकतीस वर्षांतलं 'हो' त्या एका दुपारी वाटून टाकलं, आणि आमच्यात कुणाला सांगू नका म्हटलं की निरोप वाऱ्याच्या आधी पोचतो, म्हणून शेवटचे पाच-सहा जण तर मी फोन करायच्या आधीच साशंक झाले होते. त्यांना मी म्हटलं, "बाकीचे अफवा पसरवतायत, लक्ष देऊ नका."

कंडक्टर मात्र हळूच म्हणाले, "ताई, खरंच ना?"

"खरंच," मी म्हटलं.

हे मी वाईट केलं. बाकीच्या अडतीस जणांचं मला काडीचंही वाटत नाही. पण त्या एका माणसाशी मी खोटं बोलले ते रागाच्या भरात, आणि राग त्याच्यावर नव्हता.

संध्याकाळी दादाचा फोन आला. "झालं का सगळ्यांना कळवून?"

"झालं, साहेब."

"काही कुरबूर?"

"अजिबात नाही. सगळ्यांनी आनंदाने घेतलं."

तो जरा थांबला. मला वाटलं, आता बोलेल. आता तरी म्हणेल, चिमणे, तुला वाईट वाटलं असेल. "तुझ्यासारखी तूच," तो म्हणाला आणि त्याने फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी दहा वाजता दादाच्या घरासमोरचा रस्ता बंद झाला. गुच्छ घेतलेले, नवे कोट घातलेले, बायका-मुलांना सोबत आणलेले. एकाने बँड आणला होता. दुसऱ्याने तो बँड आपल्यासाठीच आहे असं समजून गर्दीला हात हलवला, तिथून भांडणाला सुरुवात झाली. दिवाणखान्याला लागून माझी कामाची खोली आहे, मधे पातळ लाकडी भिंत. मी दार थोडं किलकिलं ठेवून बसले.

"चिमणे!" दादाने हाक मारली. मी नियमाप्रमाणे ऐकलं नाही.

"ताई कुठे आहेत?" त्याने शिपायाला विचारलं.

"आतच आहेत. म्हणाल्या, आज साहेब स्वतः भेटणार आहेत."

पहिला आत गेला तो वकील. दादाने खांद्यावर हात ठेवला असणार, कारण बायकोच्या तब्येतीची चौकशी ऐकू आली. "झालंच समजा," दादा म्हणाला, "फक्त बाहेर ताईंकडे..." आणि तिथे त्याची गाडी अडली. वकील म्हणाला, ताईंनीच काल फोन करून हो सांगितलंय, आता तुम्ही फक्त जाहीर करा. दादा म्हणाला, येतंय. वकील म्हणाला, काय येतंय? बाहेर आणखी अडतीस जण आहेत, त्यांच्यातल्या प्रत्येकाला येतंय का?

मग खोकल्यासारखा एक आवाज आला.

"काय म्हणालात?" वकिलाने विचारलं.

"नाही," दादा म्हणाला. बहात्तराव्या वर्षी. "नाही म्हणालो. तुम्हाला नाही."

वकील आरडाओरडा करून गेला. दुसऱ्याला दादाने दहा मिनिटं घेतली, तिसऱ्याला सात. अकराव्यापर्यंत तो दोन मिनिटांवर आला. एकाने गुच्छ फेकला, एक बाई दादाला चार शब्द सुनावून गेली, ते शब्द मी इथे लिहीत नाही, पण एकतीस वर्षं ते मी ऐकत होते. दर वेळी भिंतीपलीकडून दादाचं 'नाही' आलं की मला बरं वाटायचं. हे कबूल करायला हवं. चांगलंच बरं वाटायचं.

मग कंडक्टर आत गेले आणि माझं बरं वाटणं संपलं. ते इस्त्रीचे कपडे घालून एकटेच आले होते.

"तुम्हालाही नाही," दादा म्हणाला. आवाज बसला होता त्याचा. "माफ करा. कालचा फोन चुकीचा होता."

"बरं," कंडक्टर म्हणाले. खुर्ची सरकल्याचा आवाज झाला. मग ते थांबले असावेत. "दादा, एक विचारू? हे एवढंच सांगायचं होतं, तर आजवर सात वेळा ताईंना कशाला मधे घातलंत? मला वाटायचं, त्या बाईंचा माझ्यावर काहीतरी जुना राग आहे. मी घरी बसून आठवायचो, आपण त्यांचं काय वाकडं केलं."

मी उठून बाहेर जायला हवं होतं, त्यांना म्हणायला हवं होतं की माझं चुकलं. मी दार उघडेपर्यंत ते फाटकाबाहेर गेले होते.

एक वाजता शेवटचा माणूस गेला. मी आत गेले. दादा खुर्चीत मागे रेलून डोळे मिटून बसला होता. टेबलावर, जमिनीवर फुलं पडली होती.

"किती राहिले?" त्याने डोळे न उघडता विचारलं.

"एक."

मी त्याच्या समोरच्या खुर्चीत बसले. ती अर्जदारांची खुर्ची. मी तिच्यावर याआधी कधी बसले नव्हते. बसल्यावर कळलं की ती जरा बुटकी आहे, समोरच्या माणसाकडे मान वर करून बघावं लागतं.

"सत्तावीस नंबर," मी म्हटलं.

त्याने डोळे उघडले. "तुला कळेल असं वाटलं होतं."

"कळलं. पण मला तुझ्या तोंडून ऐकायचंय, दादा."

ऑफिसच्या वेळेत मी त्याला पहिल्यांदाच दादा म्हटलं होतं. तो नीट बसला. त्या सकाळी एकोणचाळीस वेळा सराव झालेला होता, तरी त्याला वेळ लागला.

"नाही," तो म्हणाला. "तुला देत नाही."

"कारण?"

"तू पडशील, चिमणे." त्याने टेबलावरचं एक फूल बाजूला सारलं. "या मतदारसंघात असं एक घर दाखव, की ज्याला तू नाही म्हटलेलं नाहीस. कुणाची बदली, कुणाचा नळ, कुणाच्या मुलाचा प्रवेश. ती माणसं तुझ्या नावापुढचं बटण दाबतील?"

"ते सगळे नकार कुणाचे होते?"

तो खिडकीकडे बघत राहिला. मी थांबले. फोनवर माणसाला किती वेळ गप्प राहू द्यायचं, हे मला चांगलं कळतं.

"माझे," तो म्हणाला.

"मग हे त्यांना सांग. एकदाच सांग. पुढच्या सभेत उभा राहा आणि सांग."

"सांगितलं तर डॉक्टर पडेल," तो म्हणाला. "आणि त्याच्या आधी मी."

हिशेब बरोबर होता. तीच तर पंचाईत. मी शोधत होते की यात कुठे तो खोटं बोलतोय, कुठे गोड बोलतोय, आणि पहिल्यांदाच मला काही सापडेना. मला त्याचा संताप आला, आणि त्याहून जास्त माझा आला. त्याने फक्त कागदाला घड्या घातल्या होत्या. कारणं मी शोधली होती, आणि ती इतकी छान शोधली की लोकांना ती माझीच वाटली.

मी कपाटाच्या किल्ल्या पर्समधून काढून टेबलावर ठेवल्या.

"उद्या जरा लवकर ये," तो म्हणाला. किल्ल्यांकडे त्याने बघितलं, पण बघितलं नाही असं केलं. "डॉक्टरला गल्ल्या समजावून सांगायला लागतील. त्याला पाण्याचे वारसुद्धा माहीत नाहीत."

"येणार नाही."

तो वाट बघत राहिला. माझ्या प्रत्येक नकारामागून कारण येतं, याची त्यालाही सवय झाली होती. मी कारण दिलं नाही. दार ओढून घेतलं आणि बाहेर आले.

मी पॅसेजमध्ये पोचले आणि आत टेबलावरचा फोन वाजला. तो फोन तिसऱ्या घंटेला मी उचलायचे, हे इतकं अंगात भिनलं होतं की माझा हात आपोआप वर गेला. मी तो पर्सच्या पट्ट्यावर ठेवून घट्ट धरला आणि तिथेच उभी राहिले. तीन. चार. शिपाई माझ्याकडे बघायला लागला. सहा. सात.

आठव्या घंटेला त्याने उचलला.

"हॅलो," दादा म्हणाला. मग थोडा वेळ नुसतं ऐकत राहिला. "नाही, ताई इथे नसतात आता. हो, मीच बोलतोय. बोला."